पाच इंचांत बसेल असा पंखा

माझ्या नावाची पाटी साडेतीन फूट लांब आणि दोन फूट उंच होती. मी स्वतः टेप लावून मोजली आहे, म्हणून सांगते. आठवण सांगताना माणसं हात पसरून "एवढी मोठी" म्हणतात. मला ते जमत नाही. अंबरनाथच्या एका लहानशा कंपनीत मी चौदा वर्षं ड्रॉइंग बोर्डापुढे उभी राहिले आहे. जनरेटरचे रेडिएटर बनवतो आम्ही. रेडिएटर म्हणजे इंजिनातलं तापलेलं पाणी थंड करणारी नळ्यांची जाळी. समोरून वारा आत शिरतो, नळ्यांतलं पाणी निवतं आणि परत इंजिनात जातं. यात फार मोठं शास्त्र नाही. वारा शिरायला जागा हवी, बस्स. एवढी एकच गोष्ट मी माझ्या भावाला सांगितली आणि माझं माहेर गेलं.

महिपती माझ्याहून सहा वर्षांनी लहान. आम्ही दोघंच. आमचे आजोबा ओतूरकडून घाट उतरून बदलापुरात आले आणि शिरगावात त्यांनी शेत केलं. बाबांनी, म्हणजे हिंदुरावांनी, ते सांभाळलं. बाबा एकोणनव्वद साली गेले, आणि त्याच सुमाराला शिरगावच्या शेतांत चुन्याच्या फक्क्या पडायला लागल्या. बिल्डरचा माणूस दर आठवड्याला चहाला येऊ लागला. जमीन विकायची तर वारसांच्या सह्या हव्यात. लेक म्हणून माझीही हवी.

मी हक्कसोड करून दिली. कोणी जबरदस्ती केली नाही, हे आधी सांगून टाकते. कचेरीत कारकुनाने विचारलं, "बाई, राजीखुशीनं सोडताय ना?" मी हो म्हटलं. आईने पदराने डोळे टिपले. बाहेर येऊन सगळ्यांनी उसाचा रस घेतला आणि विठाने, महिपतीच्या बायकोने, पिशवीतून साडी काढून माझ्या हातात ठेवली. आमच्याकडे अशीच रीत आहे. बहिणीने सही करायची, भावाने साडी घ्यायची, आणि दोघांनीही पुन्हा तो विषय काढायचा नाही. सही नाकारणाऱ्या बहिणी मी पाहिल्या होत्या. त्यांची मुलं मामाच्या लग्नाला गेली नव्हती. मला तसं नको होतं. जमिनीचा तुकडा घेऊन मी काय करणार होते? मला महिन्यातून एकदा आईच्या हातची भाकरी आणि वर्षातून एकदा भावाला ओवाळायला मिळालं की पुरे होतं.

शेत गेलं आणि महिपतीने ट्रक घेतला. जुना होता, पण चांगला होता. इथून कारखान्यांचा माल भरून तो माळशेज घाटाने वर जुन्नर-नारायणगावला न्यायचा आणि येताना टोमॅटो-कांदा भरून कल्याणच्या बाजारात उतरवायचा. पहिले सहा महिने गाडीने एकदा म्हणून तक्रार केली नाही.

भाऊबीजेला भाऊ बहिणीकडे येतो. त्र्याण्णवच्या भाऊबीजेला महिपती अंबरनाथला आमच्या बिल्डिंगखाली ट्रकच घेऊन आला. मी ओवाळलं तरी त्याने ताटात काहीच टाकलं नाही. हसत होता नुसता.

"ताई, ओवाळणी खाली उभी आहे. चल."

खाली गेले. अख्खी बिल्डिंग गॅलरीत. ट्रकच्या तोंडावर, जाळीच्या पुढे, नवी कोरी पत्र्याची पाटी. उल्हासनगरच्या पेंटरकडून रंगवून आणलेली. दोन बाजूंना कमळं, मधे समई, आणि लाल सावलीच्या पिवळ्या अक्षरांत: उमाताईचा आशीर्वाद.

मी रडले. खोटं कशाला बोलू? आनंदाने रडले. समोरच्या माई खालपर्यंत आल्या आणि म्हणाल्या, "भाऊ असावा तर असा." माझे यजमान गुरुदत्त बोलत नाहीत फारसे, तेसुद्धा म्हणाले, "छान रंगवलंय." मी पाटीला हळदकुंकू लावलं. पाटीवरून हात फिरवला.

चौदा वर्षं मी लोकांना वाऱ्याच्या जागा काढून देते आहे. त्या दिवशी मी फक्त नाव बघितलं, नावामागची जाळी बघितली नाही. माझी पहिली चूक तीच.

थंडीत काही जाणवलं नाही. शिवरात्रीची जत्रा झाली, ऊन चढलं, आणि गाडी घाटात तापायला लागली. अर्धा चढ झाला की काटा लालमध्ये. गाडी बाजूला घ्यायची, झाकण उघडून वाफ जाऊ द्यायची, तासभर थांबायचं, पाणी ओतायचं. वर पोचायला उशीर, तर माल भरायला उशीर, आणि बाजारात पोचेपर्यंत टोमॅटो बसलेले. महिपतीने मेकॅनिकला दाखवलं. रेडिएटर धुतला. पट्टा बदलला. पाण्याचा पंप बदलला. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. शेवटी मेकॅनिक म्हणाला, आता पुढून एक इलेक्ट्रिक पंखा टाका. इंजिनाचा पंखा चढावर कमी पडतो, बॅटरीवरचा पंखा त्याला मदत करील.

म्हणून एका रविवारी महिपती माझ्याकडे आला. मोठ्या लाडात होता.

"ताई, तू आपल्या घरातली इंजिनेर. पंखा कुठला घेऊ सांग. मेकॅनिक बोलतो मोठा टाक, झंझट खतम. उल्हासनगरला मिळतो."

मी चहा तसाच ठेवून टेप घेऊन खाली उतरले. दोन मिनिटं लागली असतील. रेडिएटरची जाळी अडीच फूट रुंद. तिच्यापुढे पाच इंचांवर माझी पाटी, दोन्ही बाजूंनी अर्धा-अर्धा फूट जास्तच. वारा येणार कुठून? वरून थोडा, खालून थोडा. गाडी एवढे दिवस नाक दाबून घाट चढत होती.

मी हसले. हसायला नको होतं.

"महिपती, पंखाबिंखा काही लागत नाही. आधी माझं नाव काढ."

"म्हणजे?"

"म्हणजे ही पाटी. वारा अडतोय हिच्यामुळे. एक खेप पाटी काढून जा, गाडी तापली तर मला सांग."

"पाटी काढू?"

"काढ म्हणजे टाक असं नाही. वर कपाळावर लाव."

"कपाळावर बाबांचं नाव आहे ताई."

"मग मागे लाव."

"मागं? तुझं नाव धुळीत, धुराड्यात? लोक काय बोलतील?" तो गाडीत जाऊन बसला. जाताना "बघतो" एवढंच म्हणाला. माझा चहा निवला, त्याने त्याचा घेतलाच नाही.

बुधवारी आई आली. एकटी आली. आई, बनूबाई, कधीच एकटी येत नाही. तिला गाडीत चढायची भीती वाटते. आल्या आल्या पाणीसुद्धा न पिता म्हणाली, "उमे, तुला काय पाहिजे ते सरळ सांग."

मला कळेचना.

"नाव काढ म्हणालीस तू. भावाच्या तोंडावर. मी जिवंत असताना."

"आई, वारा अडतो गं पाटीने."

"वारा!" आई म्हणाली. "अख्ख्या दुनियेच्या गाड्यांना पाट्या आहेत. त्यांना वारा लागत नाय? विठा म्हणते पेपरात आलंय, पोरींना हिस्सा देणार म्हणून. नवीन कायदा येतोय. तिला लिहितावाचता येतं, मला नाय. पण एवढं मला कळतं की जिनं सही केली ती आता म्हणते माझं नाव काढा. म्हणजे आशीर्वाद काढून घेते. आशीर्वाद काढला की मग काय मागायला येणार तू?"

कायद्याची बातमी खरी होती. मीही वाचली होती, आणि वाचून चष्मा काढून ठेवला होता. लागू होतो की नाही हेसुद्धा कोणाला विचारलं नव्हतं. विचारलं असतं तर बरं झालं असतं, निदान संशय खरा तरी ठरला असता.

मी आईला कागद घेऊन चित्र काढून दाखवलं. ही जाळी, ही पाटी, हा वारा. बाण काढले. आईने कागद उलटासुलटा केला आणि घडी घालून मला परत दिला. पालथ्या घड्यावर पाणी. मग तिने खरं ते सांगितलं.

"उमे, गावात सगळे विचारतात, लेकीला काय दिलं. मी त्या पाटीकडं बोट दाखवते. ती उतरली तर बोट कुठं दाखवू?"

तेव्हा मला कळलं. पाटी माझ्यासाठी नव्हतीच. ती गावाला दाखवायची पावती होती. शेताच्या बदल्यात बहिणीला काय मिळालं, तर हे: पत्रा, कमळं, समई. राग आला, फार राग आला. आणि त्याच रागात आईला जेवायला वाढलं.

त्या रात्री गुरुदत्त म्हणाले, "तू सांगू नकोस परत. मेकॅनिकला सांगू दे. तुझ्या तोंडून ते पाटीबद्दल होतच नाही."

त्यांचं ऐकायला हवं होतं. पण मी त्याहून शहाणी निघाले. मी निरोप पाठवला की महिपती, पाटी राहू दे, पंखा घ्यायला मी येते तुझ्याबरोबर. त्याला इतका आनंद झाला की रविवारी सकाळी आठालाच ट्रक दारात. बरोबर विठाने दिलेले तांदळाचे लाडू. माहेर परत आलं, असं मला वाटलं. डब्यातला एक लाडू मी वाटेतच खाल्ला.

उल्हासनगरला तीन नंबरच्या कॅम्पात परसराम साईंचं दुकान होतं. मोटारीच्या सामानाचं. दुकान केवढं, तर चार माणसं उभी राहिली की पाचव्याने रस्त्यावर थांबावं. पण आत काय नव्हतं? भंगारात काढलेल्या परदेशी गाड्यांचे पंखे, त्यांच्याकडे बघून इथेच पाठच्या गल्लीत बनवलेले पंखे, आणि कुठले कुठे बनले हे साईं विचारल्यावर सरळ सांगायचे. लोक उगाच म्हणतात उल्हासनगरला फसवतात. त्या दिवशी तिथे खरं बोलणारा तो एकच माणूस होता.

महिपतीचा हात पहिल्यांदा गेला तो सगळ्यात मोठ्यावर. सोळा इंची, पुढे चकचकीत जाळी, सहा पाती.

"हा भारी आहे ताई. दिसायला पण एकदम."

"दिसायला कुणाला? पाटीमागे जाणार तो," मी म्हटलं आणि जीभ चावली.

मग मी माझं काम केलं. पंखा कसा निवडावा हे मला येतं, आणि तेवढा वेळ मी खरंच सुखात होते. पाती मोजू नये, पात्याचा कल बघावा. मोटर हातात धरून फिरवून बघावी, अडकते का. किती करंट खातो ते विचारावं, नाहीतर बॅटरी बसते. वारा रेडिएटरकडे ढकलणारा की ओढणारा ते पाहावं. इंजिनाच्या बाजूला जागा नव्हती, म्हणजे पुढे बसवायचा, म्हणजे ढकलणारा हवा. गाडी चोवीस व्होल्टची आणि पंखे सगळे बारा व्होल्टचे, म्हणजे दोन सारखे घेऊन एकापुढे एक तार जोडायची. मी बोलत होते आणि परसराम साईं काउंटरवर कोपर टेकून ऐकत होते.

"बहनजी, आप तो हमारा धंदा बंद करा दोगी," ते म्हणाले. "आओ, गाड़ी दिखाओ."

ते रस्त्यावर आले, ट्रकच्या तोंडापुढे उभे राहिले. पाटी वाचली. पाटीमागे हात घालून बोटांनी अंतर मोजलं आणि महिपतीकडे वळले.

"भाऊ, पंखा मत लो."

"काय?"

"मत लो. ये तख्ता हटाओ पहले. सामने दरवाज़ा लगाके रखा है, गाड़ी गरम नहीं होगी तो क्या होगी? हटाके एक चक्कर मारो. फिर भी गरम हुई तो आओ, पंखा देता हूँ."

मी देवाचे आभार मानले. गुरुदत्त म्हणाले होते तसंच झालं; दुसऱ्या कोणीतरी सांगितलं, ते सुद्धा पुरुषाने आणि तेही स्वतःचं गिऱ्हाईक सोडून. मी महिपतीकडे बघितलं. तो साईंकडे बघतच नव्हता. माझ्याकडे बघत होता.

"ताई, तू आधी येऊन गेलीस ना इथं?"

"मी? कधी?"

"मग याला कसं कळलं? तेच शब्द. एकदम तेच."

"अरे, डोळे आहेत त्यांना!"

"माझ्या पण आहेत," महिपती म्हणाला. त्याचा आवाज चढला नव्हता, उतरला होता. "तुला हिस्सा पाहिजे तर सांग ना ताई. मी देतो काय उरलंय ते. पण हे असं फिरवून, दुकानदाराला शिकवून... मी तुझं नाव पुढं लावलं. पुढं. बाबांच्या खालोखाल."

लाडूचा डबा माझ्या हातात होता. काय सांगणार होते मी त्याला? ज्याचं करावं बरं, तो म्हणतो माझंच खरं. मला दोनच वाटा होत्या. तिथेच रस्त्यावर पान्हा मागून घ्यायचा, पाटीचे चार नट काढायचे आणि भाऊ गमवायचा. नाहीतर पंखा निवडायचा.

मी पंखा निवडला.

आणि तोही कसा निवडला, ते ऐका. पाटी आणि जाळी यांच्यात पाच इंच. साईंकडचे दमदार पंखे सगळे मोटरसकट सात-आठ इंच जाड. पाच इंचांत बसतील असे दोनच होते, कुठल्यातरी छोट्या मोटारीचे, चपटे, दहा इंची. साईं म्हणाले, "ये खिलौना है, बहनजी. आपको तो मालूम है." मला मालूम होतं. मी म्हटलं, "हेच द्या." चौदा वर्षं मी रेडिएटरला पंखा शोधत आले होते. त्या दिवशी मी पाटीला पंखा शोधला.

साईंच्या कारागिराने तिथेच रस्त्यावर दोन्ही बसवले. इंजिन बंद ठेवून पंखे चालू केले. मी आतल्या बाजूने जाळीमागे कागदाचा कपटा धरला. कंपनीत आम्ही असंच बघतो. चांगला वारा असेल तर कागद आडवा होतो. कागद थरथरला आणि परत लोंबायला लागला. साईंनी माझ्याकडे बघितलं. महिपतीनेही बघितलं.

"काय ताई? बरोबर आहे?"

"बरोबर आहे," मी म्हणाले.

ही माझी दुसरी चूक, आणि हिला माफी नाही. पहिली भाबडेपणाची होती. ही मी डोळ्यांनी बघून केली. मनात एकच होतं की भाऊ हसला पाहिजे. तो हसला. पंख्यांना त्याने नारळ फोडला आणि मला दारापर्यंत सोडलं. उतरताना वाकून पाया पडला.

पंधरा दिवसांनी, मेच्या पहिल्या आठवड्यात, लोखंडाचा पूर्ण लोड घेऊन तो दुपारच्या उन्हात माळशेज चढत होता. काटा लालमध्ये गेला, पण या वेळी तो थांबला नाही. का थांबला नाही, हे मला नंतर विठाने ऐकवलं. "ताईंनी बरोबर आहे म्हटलं होतं ना, म्हणून ते बिनघोर होते." शेवटच्या वळणाअलीकडे इंजिन एकदम जाम झालं. आतला सगळा भाग एकमेकाला चिकटून बसला. माणसाला काही झालं नाही, तेवढी कृपा. इंजिन मात्र संपलं. गाडी दोरीने बांधून खाली आणावी लागली. पाटी पुढेच होती.

मी बातमी कळताच शिरगावला गेले. मला सांगायचं होतं, चूक माझी आहे, मी खोटं बोलले, तो कागद आडवा झाला नव्हता. आई दारातच बसली होती.

"तुझ्या तोंडातून निघालं, उमे," ती म्हणाली. "माझं नाव काढ. निघालं आणि लागलं."

महिपती आत खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडला होता. मी तिथूनच मोठ्याने सांगितलं, कागदाचं सांगितलं, पाच इंचांचं सांगितलं. तो वळला नाही. विठा म्हणाली, "जाऊ द्या वन्सं, आता कशाला." मला पाणी दिलं. गूळ दिला नाही. उन्हातून आलेल्या माणसाला आमच्याकडे पाण्याबरोबर गूळ देतात.

पावसाळ्यात ट्रक विकला गेला. शहाडच्या कोणी घेतला एवढंच कळलं. महिपती एका गोदामावर हजेरी घेण्याच्या कामाला लागला.

दसरा झाला आणि पुढच्या आठवड्यात आमच्या कंपनीच्या फाटकात माल न्यायला एक ट्रक येऊन उभा राहिला. कपाळावरचं बाबांचं नाव निळ्या रंगाने पुसलेलं होतं, पण 'हिं'वरचा अनुस्वार खालून दिसत होता. मी बोर्ड सोडून खाली धावले. पुढे पाटी नव्हती. पंखे नव्हते. उघडी जाळी, तिच्यात दोन वाळलेले किडे अडकलेले. नवा मालक स्वतःच चालवत होता, हरिचंद्र नावाचा.

"भाऊ, ही गाडी घाटात तापते का?"

"कशाला तापेल, मॅडम? इंजिन नवीन टाकलं ना. महिन्यात आठ वेळा माळशेज करतो, काटा हलत नाही." त्याने जाळीवर थाप मारली. "आधीच्या मालकानं पुढं पत्रा ठोकला होता. कोणा बाईचं नाव होतं. पहिल्या दिवशीच काढला आणि त्याचा त्याला नेऊन दिला. एकेक लोक असतात."

"हो," मी म्हटलं. "असतात."

त्या दिवशी मला काय वाटलं? सुटल्यासारखं वाटलं. आता पुरावा होता. माझा शाप नाही, माझा लोभ नाही, नुसता पत्रा. महिपतीला एवढं सांगितलं की तो चडफडेल, मला शिव्या देईल, आणि मग एक दिवस हसेल. भाऊबीज तोंडावर आली होती. मनात म्हटलं, तो येईल तेव्हा सांगू.

तो आला नाही. दुपारी दोनपर्यंत मी ताट मांडून बसले. मग निरांजन, सुपारी, कुंकवाची कुयरी पिशवीत घातली आणि मीच बदलापूरला गेले. बहिणीने ओवाळायला भावाच्या दारात जायची आमच्यात रीत नाही. म्हटलं, गेली रीत चुलीत.

महिपती मोरीपाशी हातपाय धूत होता. मोरीतलं पाण्याचं पिंप पत्र्याने झाकलेलं होतं. पत्र्याची मागची, बिनरंगाची बाजू वर होती. माप मला बघूनच कळलं. साडेतीन बाय दोन.

मी विठाला पाट मांडायला सांगितलं. ती जागची हलली नाही. मग मी उभ्याउभ्याच बोलले.

"महिपती, तुझी गाडी आमच्या कंपनीत आली होती. माळशेज आठ-आठ वेळा करते. थंड चालते. काटा हलत नाही. त्याने पहिल्याच दिवशी पाटी काढली. इंजिन बदललं खरं, पण तापत होती ती पाटीने, नुसत्या पाटीने. आता तरी पटलं?"

महिपतीने पंच्याने हात पुसले. सावकाश, एकेक बोट. मग पहिल्यांदा, मे महिन्यानंतर पहिल्यांदा, माझ्याकडे नीट बघितलं.

"पटलं की," तो म्हणाला. "तुझं नाव होतं तोवर जळत होती. नाव उतरलं आणि सुधारली. हेच सांगायला आलीस ना?"

त्याच्या बोलण्यात एक शब्दही चुकीचा नव्हता. मी तेच तर सांगत होते, उन्हाळ्यापासून तेच सांगत होते.

आई भिंतीला टेकून बसली होती. ती म्हणाली, "दिवेलागणीच्या आत निघ, उमे. गाड्यांना गर्दी होते."

हक्कसोडीच्या सहीचं मला आजही वाईट वाटत नाही. जमीन गेली ती कधी माझी नव्हतीच. वाईट वाटतं त्या दोन चपट्या पंख्यांचं. त्या दिवशी उल्हासनगरच्या रस्त्यावर पान्हा मागून घेतला असता तरी भाऊ गेलाच असता. पण त्याची गाडी राहिली असती.

मी पिशवी उचलली. निरांजनातली वात कोरडीच होती. निघताना मोरीशी गेले, पत्रा बाजूला केला, तांब्या बुडवून घोटभर पाणी प्यायले आणि पत्रा होता तसा परत ठेवला. नाव खाली करूनच.